चर्चा: एकाच पद्धतीच्या सरावाने डोकं ताठर होतं का?

रेवाकाठ
शिष्यवृत्तीच्या क्लासमध्ये ‘हा प्रकार आला की हीच पद्धत’ असं मुलांकडून घोटून घेतात. माझं मत स्पष्ट आहे: अशाने विचार आखडतो. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांचा १९४२ चा प्रयोग घ्या. भांडी तीन: २१, १२७ आणि ३ मापांची. हवंय १०० माप पाणी. १२७ चं भांडं भरायचं, त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ काढायचे. अशी काही गणितं झाली की २३, ४९ आणि ३ ची भांडी देऊन २० मागायचे. २३ मधून ३ काढले की झालं! पण सराव झालेले बहुतेक जण ४९ चंच भांडं भरत बसले. सराव न केलेल्यांना जवळची वाट सहज दिसली. पुढे २८, ७६ आणि ३ वरून २५ मागितले. इथे जुनी युक्ती लागूच पडत नाही, आणि कितीतरी जण अडले. २८ वजा ३, तिसरीतल्या मुलाचं गणित!

पटावरचा घोडा
अजिबात पटत नाही. सगळी उदाहरणं मुद्दाम एकाच साच्याची दिली, तर तो सराव कसला? बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे यांनी २००८ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेलं काम वाचा. पटावर घोड्याची एक प्रसिद्ध मात पाच चालींत होत होती, आणि कमी ओळखीची दुसरी तीन चालींत. चांगले चांगले खेळाडू पहिलीवरच थांबले. पण खेळाडू जितका वरच्या दर्जाचा, तितका तो कमी फसला. म्हणजे लवचीकपणा येतो तो भरपूर ज्ञानातूनच.

रेवाकाठ
त्याच तिघांनी खेळाडूंची नजर कुठे फिरते हेही टिपलं, ते का सोडलंत? ‘आम्ही दुसरी चाल शोधतोय’ असं ते मनापासून सांगत होते, आणि डोळे मात्र पहिल्या उत्तराच्या घरांवरच खिळलेले. मला भीती याचीच वाटते. अडकलेल्याला आपण अडकलोय हे कळत नाही. आणि ग्रँडमास्टर होण्याइतका अभ्यास चौथी-पाचवीतलं पोर कुठून आणणार?

वर्गशिक्षिका
मी प्राथमिकला शिकवते. जर्मन आणि डिफायटर यांच्या २००० सालच्या प्रयोगात बाहुल्याला उंच फळीपर्यंत पोचवायचं होतं, त्यासाठी खोका पायाखाली घ्यायचा. खोक्यात सामान भरून दाखवलं, तर सहा-सात वर्षांची मुलं रेंगाळली. पाच वर्षांच्यांना काही फरक पडला नाही. पण म्हणून सहावं वर्ष वाईट ठरत नाही. वस्तू कशासाठी असते हे मूल शिकतं, त्याची ही किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे. सराव सोडा म्हणणाऱ्यांनी वाइसबर्ग आणि आल्बा यांचं १९८१ चं काम पाहावं. नऊ ठिपके चार रेषांत जोडण्याच्या कोड्यात ‘चौकटीबाहेर जा’ असं सरळ सांगूनही बहुतेकांना ते जमलं नाही. त्याच धर्तीची सोपी कोडी आधी सोडवून घेतली तेव्हा फायदा झाला.

रेवाकाठ
सराव सोडा असं मी म्हणतच नाही, बाई. माझा आक्षेप साच्याला आहे. दहा गणितांत तीन अशी घाला, जिथे शिकवलेली पद्धत चालते पण लांब पडते, आणि एक असं, जिथे ती चालतच नाही. आमच्या क्लासच्या वहीत असं एकही नाही.

पटावरचा घोडा
हे मान्य. पण आधी पद्धत पक्की होऊ द्या, मग मिसळा. पहिल्या आठवड्यातच मिसळलंत, तर कच्च्या मुलाच्या हाती काहीच लागणार नाही.