मगर पालीपेक्षा कोंबडीच्या जवळची कशी? शाळेत सांगायचंय

माळरान_मोहोळ
नमस्कार मंडळी. मी मोहोळ-सोलापूर पट्ट्यात साप पकडतो. ऊसतोड सुरू झाली की फोन थांबत नाहीत, फडात घोणस निघतेच. साप सोडून आलो की जवळच्या शाळेत पोरांशी बोलतो. परवा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मगर कोंबडीच्या जवळची आहे म्हणतात, मग ती पालीच्या रांगेत कशाला बसवलीय?" तिला वरवरचं उत्तर द्यायचं नाही. आणि दुसरा प्रश्न माझा स्वतःचा: नागाचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून झालाय, त्याचा आमच्याकडं साप चावलेल्या माणसाला काय उपयोग?

प्राणीशास्त्र_जुळे_सोलापूर
दादा, मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. खवले आणि थंड रक्त बघून आपण सरपटणाऱ्या प्राण्यांचा हा गट पाडला. डीएनए शेजारी-शेजारी मांडला की गट फुटतो. मगर आणि पक्षी यांचा समाईक पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. पाल-सापांची फांदी त्याच्याही आधी वेगळी झाली. कासवंसुद्धा मगर-पक्ष्यांच्याच बाजूला जातात. आपली, सस्तन प्राण्यांची, फांदी या सगळ्यांपासून ३१-३२ कोटी वर्षांपूर्वीच सुटली.

पण मी एम.एस्सी.च्या पोरांना शिकवताना सगळ्यात जास्त रमते ती गुणसूत्रांत, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांत. कोंबडीत ३९ जोड्या असतात आणि त्यातल्या बहुतेक इतक्या बारक्या, की स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली नुसते ठिपके दिसतात. पूर्वी बऱ्याच जणांना ते निरुपयोगी तुकडे वाटायचे. असेच ठिपके नागात आहेत, सरड्यांत आहेत, कासवांतही आहेत. माणसात नाहीत. २०२१ साली ही सगळी गुणसूत्रं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा पक्षी आणि सापांच्या ठिपक्यांवर जनुकांचे तेच ते गट निघाले. आणि समुद्राच्या वाळूत राहणारा, पाठीचा कणाही नसलेला अ‍ॅम्फिऑक्सस आहे ना, त्याच्या गुणसूत्रांशीही ते जुळले! म्हणजे ही मांडणी पृष्ठवंशीय प्राणी जन्मायच्या आधीची. कोंबडीनं आणि नागानं ती जपली; सस्तनांत ती विस्कटून मोठ्या गुणसूत्रांत मिसळली. माणसाला मापदंड धरून बाकीच्यांना "मागास" म्हणायची सवय मला म्हणूनच पटत नाही.

आता गंमत बघा, पक्ष्यांची एवढी जवळची मगर, पण तिच्यात एकही ठिपका उरलेला नाही. तेव्हा गुणसूत्रांचं नुसतं रूप बघून नातं ठरवू नका, डीएनएच्या अक्षरांचा क्रम बघा. २०१४ मध्ये अ‍ॅलिगेटर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि आपला घडियाल असे तीन जीनोम एकत्र आले. त्यांचा डीएनए फारच सावकाश बदलतो, असं त्यातून दिसलं.

वर्गात कोंबडीचा पाय न्या. नडगीवरचे खवले पोरांना बोटांनी चाचपू द्या. खवले, पिसं आणि आपले केस, तिघांची सुरुवात भ्रूणाच्या कातडीवरच्या एकाच तऱ्हेच्या उंचवट्यातून होते.

जीनोमवाला_पुणे
मूळचा अक्कलकोटचा, सध्या लॅबमध्ये. दादांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

भारतीय नागाचा जीनोम २०२० मध्ये आला, साधारण १८० कोटी अक्षरांचा. माणसाचा ३०० कोटींच्या वर, कोंबडीचा १०० कोटींच्या आसपास. पण आकारावर जाऊ नका, प्रथिनं बनवणारी जनुकं सगळ्यांत वीस हजाराच्या आगेमागेच असतात. तुमच्या कामाची गोष्ट पुढं आहे. नागात विषाशी संबंधित १३९ जनुकं सापडली, त्यातली १९ फक्त विषग्रंथीत चालतात. ही काही आकाशातून पडलेली नाहीत. इतर प्राण्यांशी ताडली की कळतं, साधी शरीराची कामं करणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती होत गेल्या आणि त्यांतल्या काहींचं विष झालं. त्यांचे नातलग आपल्याही अंगात आहेत.

आज प्रतिविष घोड्याला थोडं-थोडं विष टोचून, त्याच्या रक्तातून काढतात. त्यातल्या कितीतरी प्रतिपिंडांचा (रक्तातल्या लढाऊ प्रथिनांचा) विषाशी संबंधच नसतो आणि रुग्णाला रिअ‍ॅक्शन येते ती वेगळीच. नेमकी घातक विषं कोणती हे जनुकांवरून कळलं, तर ती लॅबमध्ये बनवून त्यांच्यावरच नेम धरता येईल. तसं इंजेक्शन अजून दवाखान्यात आलेलं नाही. तोवर साप चावला की थेट सिव्हिल, आणि हेच घोड्याचं प्रतिविष.

माळरान_मोहोळ
मॅडम, कोंबडीचा पाय सोमवारीच नेतो. जीनोमवाले दादा, एक सांगा. एका नागाचा जीनोम वाचला म्हणजे आमच्याकडचा नाग त्यात आला का?

जीनोमवाला_पुणे
नाही, आणि खरी अडचण तिथंच आहे. जात एकच असली तरी प्रदेशागणिक विष बदलतं. आपल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष वर्षानुवर्षं तमिळनाडूतल्या, साप पकडणाऱ्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येत आलंय. सोलापूरच्या घोणशीवर ते प्रतिविष किती चालतं, हे इथले नमुने तपासल्याशिवाय कळायचं नाही. विष काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, त्याला वन विभागाची परवानगी लागते. जात, गाव, तारीख, फोटो एवढं वहीत लिहीत जा. कुणाला चावला असेल तर लक्षणं आणि प्रतिविषाच्या किती बाटल्या लागल्या, तेही डॉक्टरांना विचारून लिहा.

माळरान_मोहोळ
वही आहे, पण बाटल्यांचा रकाना नव्हता. आज आखतो.