'एन्हान्समेंट'ला मराठी शब्द?

रावपुरा: एका टिपणाचा अनुवाद अडलाय. वाक्य असं: 'सरकारने उपचाराचा खर्च द्यावा, ह्यूमन एन्हान्समेंटचा नाही.' म्हणजे आजार बरा करणं नव्हे, निरोगी माणसाची क्षमता औषधाने किंवा तंत्राने आणखी वाढवणं. 'मानवी सुधारणा' लिहिलं की आगरकर आठवतात. 'संवर्धन' चालेल?

लहरीपुरा: नाही. वनसंवर्धन, ऊतिसंवर्धन, म्हणजे आहे ते जोपासणं. इथे आहे त्याच्या पुढे न्यायचंय. 'क्षमतावर्धन' घ्या.

गेंडीगेट: क्षमतावर्धन म्हणजे तलाट्यांचं दोन दिवसांचं शिबिर, चहा-नाश्त्यासह. आणि 'सुधारणा' आपल्या बडोद्यात तशीही बाद. गुजराती कानाला सुधराई म्हणजे नगरपालिका, सुधारो म्हणजे कायद्यातली दुरुस्ती.

वाडी: शब्द कुठलाही घ्या, मूळ वाक्यच तकलादू आहे. वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शन बघा. संप्रेरक कमी असलेल्या मुलाला दिलं तर सरळ उपचार. २००३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, ते कारण न सापडलेल्या बुटकेपणालाही मंजूर केलं. अट मापाची: उंची सरासरीपेक्षा २.२५ प्रमाण विचलनांहून अधिक कमी हवी, म्हणजे तळाची साधारण १.२ टक्के मुलं. औषध तेच, सुई तीच. आणि तळ कधी रिकामा होत नाही. सगळी पोरं चार बोटं उंच झाली तरी कोणीतरी तळाशी राहणारच. मग खर्च कोणाचा, हे त्या आकड्यावर भांडूनच ठरणार.

लहरीपुरा: लसही निरोगी माणसालाच टोचतात की! चीनमध्ये २०१८ साली जुळ्या मुली जन्मल्या, भ्रूणावस्थेत सीसीआर५ जनुकात फेरफार केलेल्या. एचआयव्हीपासून बचाव, हेच कारण पुढे केलं होतं. संशोधकाला तीन वर्षांची कैद झाली. पण तो 'प्रतिबंध' होता की 'वर्धन'?

गेंडीगेट: 'सुधारित' म्हणा. बियाण्याच्या पिशवीवर असतंच.

रावपुरा: सुधारित माणूस! बीटी कापसासारखा: गुजरातेत २००१ मध्ये बिनपरवाना पीक उभं, आणि देशात पहिली परवानगी मार्च २००२ मध्ये.

मांजलपूर: संस्कृत कशाला हवं? 'वाढीव' म्हणा. वाढीव बांधकामासारखंच व्हायचंय हे. आधी मजला चढवायचा, मग इम्पॅक्ट फी भरून नियमित करून घ्यायचा.

गेंडीगेट: पुण्याकडची पोरं 'वाढीव' वेगळ्याच अर्थाने म्हणतात हो.

मांजलपूर: म्हणोत. बडोद्याच्या टिपणाला पुण्याची मंजुरी कधीपासून लागायला लागली?

वाडी: इम्पॅक्ट फीवरून आठवलं, गुजरातचा तो कायदा २०११ चा, आणि २०२२ मध्ये पुन्हा आणला.

लहरीपुरा: त्यात पार्किंग कमी पडत असेल तर काय करायचं?

रावपुरा: अहो, टिपण उद्या द्यायचंय.