क्रुसाची वाट आणि पाण्याचे टँकर: चर्चच्या युवकांनी नाटकात काय दाखवावे?

गासकर: "उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) युवकांनी नाटकात केवळ प्रभूचे दुःखसहन, म्हणजे येशूचा छळ आणि क्रुसावरील मरण, दाखवावे, बिल्डर आणि टँकर चर्चच्या आवारात आणू नयेत," असे काल येथे कोणी लिहिले, म्हणून हे उत्तर. टँकरने पाणी विकण्यासाठी वसईच्या विहिरी उपसल्या जात होत्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले, ते झगा बाजूला ठेवून नव्हे, तर धर्मगुरू म्हणूनच. येशूने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथले. तो प्रसंग युवकांनी पाण्याच्या व्यापारावर बसवला, तर श्रद्धेला कोणता धक्का लागला?

नंदाखालकर: धक्का हा की, तालमीआधी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होत असे, बायबलमधील शुभवर्तमानाचा उतारा वाचला जाई, आता थेट घोषणा पाठ केल्या जातात. माझ्या मुलीने येशूच्या आईची, मरियेची, भूमिका केली. तिला एकही संवाद नव्हता. पण त्यानंतर ती आजारी आजीजवळ रात्री बसू लागली. हे घोषणांनी घडले असते का?

गासकर: आपल्या मुलीविषयी आदर आहे; पण 'शुद्ध' दुःखसहननाट्य कधीच नव्हते. बव्हेरियातील ओबरामरगाऊ गावात 1634 पासून हे नाट्य होते. त्यात येशूच्या मृत्यूचा दोष ज्यूंवर ढकलला जाई, आणि 1934 मध्ये हिटलर ते पाहायला गेला होता. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये तो दोषारोप नाकारला, पण गावाला संहिता बदलायला त्यानंतरही अनेक वर्षे लागली. अन्यायाविषयी गप्प राहणारे नाटकसुद्धा कोणाची तरी बाजू घेतच असते.

आगाशीकर: बव्हेरिया राहू द्या. आपल्या जमिनी विकल्या कोणी? नाटकात बिल्डर काळा चष्मा लावून येतो, आणि वाडी विकणारा शेतकरी मात्र रडताना दिसतो. माझ्या सख्ख्या काकांनी केळीची बाग विकली, बंगला बांधला, आणि आज तेच पहिल्या बाकावर बसून या नाटकाला टाळ्या वाजवतात.

गासकर: काकांचा राग युवकांवर काढू नका. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी जमीन विकणाऱ्याला आपण बिल्डरच्या पंक्तीला बसवता, हा निव्वळ अन्याय आहे.

आगाशीकर: लग्नासाठी एक गुंठा विकला जातो, अख्खी वाडी नव्हे. बागायत परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे, कारण मी अजून पानवेल लावतो. पण शेजारच्या विहिरीवर पंप बसला तेव्हा पैसे घेणारा आपल्याच धर्मग्रामातील (पॅरिशमधील) होता, आणि माझी विहीर मार्चमध्येच तळाला गेली. त्याला रंगमंचावर आणण्याचे धैर्य युवकांत आहे काय?

नंदाखालकर: आगाशीकरांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी त्यांची भाषा मान्य नाही. पश्चात्ताप हाच उपवासकाळाचा विषय असेल, तर आपल्यातील विक्रेता आणि टँकरमालक नाटकात यायलाच हवेत. मात्र तालमीआधी शुभवर्तमान वाचले जावे. एवढे झाले तर मी प्रयोगाला येईन. माझा पाठिंबा मात्र गृहीत धरू नये.