मदत हवी आहे: एकच रॅक आणि संध्याकाळची गर्दी, पायांचा व्यायाम कसा करायचा?

मंडळी, बेळगावात उद्यमबागेतलं काम सुटलं की सातला टिळकवाडीतल्या जिमला पोचतो. स्क्वॉट रॅक (बारबेल, म्हणजे वजनांचा लांब दांडा, खांद्यावर घेऊन उठाबशा काढायचा स्टँड) एकच. त्यावर चौघं, आणि पाचवा टॉवेल टाकून मोबाईल बघत बसलेला (एसटीत रुमाल टाकावा तसा!). काल पंचवीस मिनिटं थांबून तसाच घरी आलो. पहाटे जमत नाही, घरी म्हशींच्या धारा असतात.

सध्या कोपऱ्यात 20 किलोचा डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट मारतो, 12 चे 4 सेट. बारबेलवर 70 किलो घेत होतो, त्यामानाने हे हलकंच. रेप्स (एका सेटमधल्या उठाबशा) वाढवू, की खाली जाताना 3-4 सेकंद घेऊ? की बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर उठाबशा) बरं? आलटून-पालटून रॅक वापरू म्हटलं, तर प्लेटा काढण्या-घालण्यातच वेळ जातो. कुणी असं निभावलंय काय?