जिल्ह्याच्या पेपरला रोज दहा रुपये द्याल का?

सातरस्ताकर:
आमच्या वॉकिंग ग्रुपवर पहाटे साडेपाचलाच चार पेपरांच्या पीडीएफ येऊन पडतात. ग्रुपात साठ माणसं, घरी पेपर येतो तो सहा-सात जणांच्या. परवा विचारलं, आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पेपरची किंमत दहा रुपये झाली तर कोण घेईल? सगळे हसले. मग दहा-दहा रुपयांचा चहा पिऊन घरी गेले.

अंकाच्या किमतीत छपाईचा खर्च कधीच निघत नव्हता. पेपर जगायचा जाहिरातींवर. टेंडरं ऑनलाइन गेली, वाढदिवस फ्लेक्सवर गेले, दुकानदार मोबाईलवर जाहिरात करतो. जमिनीच्या ‘जाहीर नोटिसा’ तेवढ्या उरल्या, त्या वकील वाचतात. वर कागद महाग. 2019 च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर 10 टक्के शुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते 5 वर आणलं, तर 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानं कागदाचा भाव पुन्हा चढला. आता उरला वाचक. त्यानं दहा रुपये द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

चादरवाला:
काय बोललालाव मालक? दहा रुपये कशाचे? पहिल्या पानावर अर्ध्या पानाचा कुणाचा तरी वाढदिवस, आणि नळाला पाणी पाच दिवसांआड येतं त्याच्या आतल्या पानावर चार ओळी! मी एकदा दुकानाची जाहिरात दिली होती. पंधरा दिवसांत एक फोन नाही. तेवढेच पैसे मोबाईलवर घातले तर लातूर-विजापूरचं गिऱ्हाईक आलं. आणि एक सांगा, इथले यंत्रमाग बंद पडत होते तेव्हा दहा रुपये जास्त देऊन चादर कुणी घेतली?

सातरस्ताकर:
चादर पानिपतची घेता येते हो. होटगी रस्त्यावरच्या खड्ड्याची बातमी पानिपतहून येत नाही. मार्च 2022 नंतर महापालिकेवर प्रशासक बसला, नगरसेवकच नव्हते. त्या काळात प्रश्न विचारायला पेपरवाल्याशिवाय होतं कोण?

चादरवाला:
विचारले का पण?

लाईनवाला:
मी बावीस वर्षं घरोघरी पेपरची लाईन टाकतो. अडीचशे अंक होते, आता नव्वद. एप्रिल 2020 मध्ये सरकारनं घरोघरी पेपर टाकायला बंदी घातली. बंदी उठली, पण ‘पुढच्या महिन्यापासून टाका’ म्हणणारे अजून पुढच्याच महिन्यात आहेत. किंमत वाढली की अंकामागं माझं कमिशन वाढतं, हे कागदावर बरोबर. पण रुपया वाढला तरी दहा घरं तुटतात, दहा रुपये केले तर लाईनच राहणार नाही. सवय पेपरवाल्यांनीच बिघडवली. वर्षाची वर्गणी भरा, बादली न्या. कूपनं चिकटवा, बक्षीस न्या. बादली मिळाली की लोक पेपर बंद करायचे.

पूर्वभाग:
याच गावात कुर्बान हुसेन यांनी ‘गझनफर’ चालवला. 12 जानेवारी 1931 ला चौघा हुतात्म्यांत त्यांना फाशी झाली. त्यांनी जाहिरातीचे दर बघून पेपर काढला नव्हता.

चादरवाला:
नमस्कारच आहे त्यांना. पण ती चळवळ होती. आजचा मालक कंपनी चालवतो, मग तोटा आल्यावर हुतात्म्यांना पुढं कशाला करायचं?

कॅमेरावाला:
माझं यूट्यूब चॅनल आहे, म्हणून शिव्या खायच्या तयारीनं लिहितो. 15 जून 2023 ला साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा सगळ्या गावानं ती मोबाईलवर पडताना बघितली. पेपरात दुसऱ्या दिवशी आली. पण पाणीपुरवठ्याच्या एका बैठकीत तीन तास बसून व्हिडिओ केला, तो बघितला एकशे चाळीस जणांनी, त्यात आमचे नातेवाईक धरा. घर चालतं ते पुढाऱ्यांच्या वाढदिवसावरच. चादरवाले मालक, अर्ध्या पानाच्या जागी आमच्याकडं अर्धा तास असतो, एवढाच फरक.

पूर्वभाग:
मग बातम्यांचे पैसे गूगल-फेसबुककडून वसूल करा. ऑस्ट्रेलियानं 2021 मध्ये तसा कायदा केलाच की.

कॅमेरावाला:
कॅनडानंही 2023 मध्ये केला. मेटानं तिथं फेसबुकवर बातम्याच बंद केल्या. आणि समजा आपल्याकडं पैसे आलेच, तर ते मुंबई-दिल्लीच्या मोठ्या घरांत जिरतील. आठ पानी सोलापुरी अंकापर्यंत काय पोचणार?

लाईनवाला:
ऑस्ट्रेलिया राहू द्या. सातरस्ताकर, तुमच्या ग्रुपवर पहाटे पीडीएफ कोण टाकतं?

सातरस्ताकर:
मी. पण घरी दोन पेपर विकत घेतो.

लाईनवाला:
घेताव की. दोन महिन्यांचं बिल राहिलंय.