'हलकी' गाडी, 'सडी' गाडी की 'सुटसुटीत' गाडी? हिवाळ्यातल्या गाडीकामाचे शब्द

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. एक शब्द अडलाय आणि त्यापायी घरात दोन शनिवार चर्चा चालू आहे, म्हणून इथे टाकतो.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ असतो. त्याच्याकडे केटरहॅम सेव्हन आहे, जुनी, सेकंडहँड घेतलेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लांब नाक, दोन सीटा, धड दारं नाहीत, छप्पर म्हणजे ताणून बसवायचं कापड, पुढची चाकं अंगाच्या बाहेर. मूळ गाडी कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीची, १९५७ ची लोटस सेव्हन, १९७३ मध्ये केटरहॅमने तिचे हक्क घेतले आणि तेव्हापासून तीच गाडी थोड्याथोड्या फरकाने बनत आलीये. ही किट म्हणून पण मिळायची, म्हणजे सगळे भाग खोक्यात घरी येणार आणि तुम्ही गॅरेजमध्ये जोडायची, कारण तेव्हा तिकडे तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांच्या गाडीवर तो वाचायचा. वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. आपली जुनी मारुती ८०० साधारण साडेसहाशेची, म्हणजे ती पण हिच्यापुढे जड. २०१३ मध्ये तर हिचं एक मॉडेल सुझुकीचं ६६० सीसीचं इंजिन घालून निघालं, वजन ४९० किलो.

तर दर ऑक्टोबरच्या शेवटी भाऊ हिवाळ्याची यादी करतो. तिकडे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून, आणि ते मीठ अशा उघड्या गाडीचा सांगाडा खातं. म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी आत, आणि त्या चार महिन्यांत सगळं खोलून पाहायचं, काय बदलायचं, काय नवीन घालायचं. यादी तो मला पाठवतो कारण मी पिथमपूरला मशीनिंगमध्ये आहे, आणि शनिवारी व्हिडिओ कॉलवर नानांना पण सांगतो. नाना ७८ चे, आयुष्यभर लॅम्ब्रेटा स्वतः खोलून जोडलेली, त्यांना सगळं मराठीत पाहिजे.

गाडी नवी नवी घेतली तेव्हा भाऊ म्हणाला, "नाना, खूप हलकी गाडी आहे." नाना दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "अरे मग पैसे साठवून जरा चांगली घ्यायची होतीस."

इथेच अडलं. आपल्याकडे हलकं कापड, हलक्या प्रतीचा तांदूळ, हलकं बोलणं, हलक्या कानाचा माणूस, सगळीकडे 'हलकं' म्हणजे कमी दर्जाचं. 'हलकं वाटतंय' हा एक चांगला अर्थ, आणि 'हलक्या हाताने' हा एक. पण वस्तूला विशेषण म्हणून लावलं की ती वस्तू पडते. आणि ह्या गाडीचा तर सगळा मान तिच्या वजनात आहे, तिला हलकी म्हणणं मला पटत नाही.

मला जो शब्द सुचला तो असा, 'सडी'. सडा म्हणजे एकटा, पाठीमागे लटांबर नसलेला. सडाफटिंग आपण म्हणतोच. जुन्या पत्रांत आणि बखरींत सडी फौज, सडे स्वार येतात, म्हणजे बाजारबुणगे, तंबू-राहुट्या, जडजोखीम मागे ठेवून निघालेले. पानिपतावर १७६१ मध्ये आपल्या फौजेबरोबर बुणगे केवढे होते ते आपण शाळेपासून वाचतो, आणि आमच्या मल्हाररावांचं म्हणणं गनिमी काव्याने लढायचं होतं हे पण वाचतो. होळकरांच्या गावात राहून मला हा शब्द जवळचा वाटतो. सडी गाडी, म्हणजे जिच्या अंगावर बुणगे नाहीत. हीटर नाही, गालिचा नाही, स्टेपनी काढलेली.

तुम्हाला काय वाटतं? आणि मेंटेनन्स, अपग्रेड, ले-अप (म्हणजे गाडी हंगामभर आत ठेवणं) यांना तुम्ही काय म्हणाल तेही सांगा.

रामबागेतले काका:

बेटा, शब्द झकास आहे पण इंदुरात चालायचा नाही. मी चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय, तू दुकानात जाऊन 'सडी गाडी' म्हण, पोरगा ऐकणार सडी हुई गाडी. त्यात तुझ्या भावाची भीती गंजाचीच, म्हणजे अजून गोंधळ.

बाकीचं सांगतो. लोक देखभाल, निगा, डागडुजी, दुरुस्ती सगळं एका भांड्यात घालतात आणि आपण इंदूरवाले वरून मरम्मत टाकतो. माझ्या लेखी वेगळं आहे. निगा म्हणजे काही बिघडलेलं नसताना करायचं ते. ऑइल बदललं, ब्रेक ऑइल बदललं, बॅटरीला चार्जर लावून ठेवला, ही निगा. डागडुजी म्हणजे जागच्या जागी, जेवढं गेलंय तेवढं भरणं, भिंतीचा पोपडा निघाला तर आपण डागडुजी करतो, भिंत पाडत नाही. दुरुस्ती म्हणजे मोडलेलं चालू करणं. आणि देखभाल हा मला ऑफिसचा शब्द वाटतो, टेंडरात असतो, देखभाल व दुरुस्ती. यादी करायची तर निगा वेगळी लिही, डागडुजी वेगळी, कारण निगेचा खर्च आधी कळतो आणि डागडुजीचा गाडी खोलल्यावर.

भावाला एवढं सांग, गाडी आत ठेवायच्या आधी इंजिन ऑइल बदल, नंतर नको. वापरलेल्या तेलात ओल आणि आम्ल जमलेलं असतं, ते चार महिने बेअरिंगला लावून कशाला ठेवायचं. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नको, पॅड डिस्कला धरतात, गिअरमध्ये टाक आणि चाकाला लाकूड लाव.

बडोद्याच्या ताई:

काकांचं बरोबर आहे, इथे गुजरातीतही 'सडेलुं' म्हणजे कुजलेलंच, आमच्या सोसायटीत सडी गाडी म्हटलं तर लोक भंगारवाल्याचा नंबर देतील. पण शब्द सोडू नका दादा, लिहिताना वापरा. बोलताना 'सुटसुटीत' म्हणा ना. सुटसुटीत घर, सुटसुटीत साडी, सुटसुटीत कपडे घालून निघालो, कुठेही कमीपणा नाही आणि अंगावर काही जास्तीचं नाही हा अर्थ बरोब्बर येतो. आटोपशीर पण चालेल पण आटोपशीर म्हटलं की आकार डोळ्यापुढे येतो, वजन नाही.

किट कारला मी 'जुळणीची गाडी' म्हणेन. जोडगाडी नको, ते दोन डबे जोडल्यासारखं वाटतं.

आणि ले-अपला तर आपल्याकडे तयार शब्द आहे, चातुर्मास. गाडी चातुर्मासाला बसली. आपल्याकडे उघडी गाडी कोणी ठेवली तर ती आषाढी ते कार्तिकीच आत ठेवावी लागेल, तुमच्या भावाची कार्तिकात आत जाते आणि फाल्गुनात बाहेर येते, म्हणजे आपला चातुर्मास संपतो तिथे त्याचा सुरू. चार महिने ते चार महिनेच. आणि चातुर्मासात जसं आपण कांदा-लसूण सोडतो, काहीतरी वाचायला घेतो, तसं तो गाडीचं करतोय, नुसती झाकून ठेवत नाहीये. म्हणून 'उभी करून ठेवली' पेक्षा हे मला जास्त खरं वाटतं.

परत मी, इंदूरहून:

काका, ताई, दोघांचे आभार. काल भावाशी बोलताना हेच शब्द धरून यादी परत लिहिली, आणि खरं सांगतो, शब्द बदलल्यावर यादी बदलली.

आधी निगा. ब्रेक ऑइलचं नानांनी विचारलं की बदलायचं का, गळत तर नाहीये. मी म्हटलं नाना ते ओल धरतं. हा आपला शब्द किती नेमका आहे बघा, भिंत ओल धरते तसंच. डॉट ४ चं नवीन ऑइल किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, तेच पाणी धरलेलं असलं तर मर्यादा १५५ वर येते, आणि मग जोरात ब्रेक मारत गेलं की आत वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, गळो न गळो. कूलंट निम्मं निम्मं, त्याने उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठायची भीती नाही. इथे इंदुरात लोक रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालतात, गोठत नाही म्हणून, पण कूलंटमध्ये गंज न धरण्याचं औषध असतं, ते नुसत्या पाण्यात नसतं. टायरला एरवी १८-२० पीएसआय एवढीच हवा असते, गाडीला वजनच नाही म्हणून, आत ठेवताना थोडी जास्त भरायची नाहीतर टायर एका जागी बसतो. 'टायर बसला' म्हटल्यावर नानांना लगेच कळलं, फ्लॅट स्पॉट समजवायला मला दहा मिनिटं लागली होती.

मग डागडुजी. भावाने फोन गाडीच्या खाली नेला, डाव्या पुढच्या चाकाच्या मागे सांगाड्याची एक चौकोनी नळी आहे, तिथे काळ्या पावडर कोटिंगला डाळीएवढा फुगा आला होता. त्याने नखाने दाबला तर कोटिंगचा पोपडाच उचलला गेला, मध्ये ओलसर तांबडी पूड. चाकाने उडवलेला खडा लागला असणार, तिथून पाणी शिरलं आणि कोटिंगच्या आतून पसरलं, वरून दिसतच नव्हतं. नाना इथून ओरडले, "अजून खरवड, चांगलं लागेपर्यंत खरवड." पावणेदोन इंच गेल्यावर स्वच्छ लोखंड लागलं. नळी खाल्लेली नाहीये, नुसता गंज चढलाय. हा फरक पण आपल्या भाषेत आहे, गंज चढला तर घासून रंग लावा, गंजाने खाल्ली तर कापून नवीन नळी. त्याच्या यादीत इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द होता. आणि जिथे ॲल्युमिनियमचा पत्रा ह्या लोखंडी नळीवर रिव्हेट केलाय तिथे अजून बारकाईने पाहायला सांगितलंय, कारण दोन धातू लागून असले आणि मध्ये खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन सुटतं.

आता अपग्रेड, जिथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ह्याला सुधारणा म्हणावं असं वाटलं होतं पण सुधारणा फार मोघम आहे. आपण गाडीच्या बाबतीत 'चढवणे' म्हणतो, नवीन टायर चढवले, सीटकव्हर चढवलं. आणि त्याच्या समोर 'उतरवणे' आहेच, वजन उतरवलं म्हणतोच. भावाच्या यादीत सहा गोष्टी होत्या, मी त्याला म्हटलं प्रत्येकीपुढे लिही चढलं किती, उतरलं किती, किलोमध्ये. लिहिल्यावर सहापैकी चार नुसत्या चढवायच्या निघाल्या. मोठा रेडिएटर, जो त्याला लागत नाहीये कारण इंजिन तापतच नाही. चांगला हीटर. जाड गादीच्या सीटा. मागे सामानाची जाळी. ह्या सगळ्या बुणगे आहेत ताई, शब्द सडी घ्या नाहीतर सुटसुटीत, पण बुणगे हा शब्द मी सोडणार नाही. साडेपाचशे किलोच्या गाडीवर दहा किलो चढले तर जवळजवळ दोन टक्के वाढले, अकराशेच्या गाडीवर तेच दहा किलो एक टक्का पण नाहीत. म्हणून दुसऱ्या गाडीला शोभणारी वस्तू हिला शोभेलच असं नाही.

राहिल्या दोन. एक बॅटरी, शिशाची काढून लिथियमची, त्यात आठ-दहा किलो उतरतात. पण थंडीत शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते आणि चार्जरही तिला मानवणारा वेगळा लागतो, म्हणून ती बॅटरी चातुर्मासात घरात ठेवायची असं ठरलंय. दुसरं म्हणजे डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारा भाग, लिमिटेड स्लिपचं. ते थोडं चढतं पण वळणात आतलं मागचं चाक नुसतं फिरत राहायचं ते थांबतं, म्हणून ते राहू दिलं. त्याची ऑर्डर आत्ताच टाकायला सांगितली, जानेवारीत तिकडे सगळ्यांनाच पार्ट लागतात. ही बेगमी. पावसाळ्याची बेगमी आई करायची, गहू, डाळी, पापड, शेवया, तसंच हे, लागायच्या आधी घरात असलं पाहिजे.

आणि शेवटचं काम मार्चमधलं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, ड्रायव्हरच्या सीटवर भावाने स्वतः बसायचं आणि कुठल्या चाकावर किती भार येतो ते पाहून स्प्रिंगची उंची कमीजास्त करायची. तिकडे कॉर्नर वेटिंग म्हणतात. मी आधी 'चाकांचं वजन करणे' म्हटलं तर नाना म्हणाले चाकं काढून मोजायची का. मग त्यांनीच सुचवलं, 'गाडी तोलणे'. तोलणे म्हणजे वजन करणे आणि तोल म्हणजे बॅलन्स, इथे दोन्ही एकाच वेळी करायचंय. मला तरी ह्यापेक्षा चांगला शब्द सापडलेला नाही.

काका, बेअरिंग किंवा बॉल जॉइंट थोडा ढिला होऊन चाक हातात कटकट हलतं, त्याला आम्ही कारखान्यात 'प्ले' म्हणतो. गॅरेजमध्ये तुम्ही काय म्हणायचा? शनिवारी भाऊ पुढची चाकं उचलणार आहे, त्याच्या आत सांगा.

रामबागेतले काका:

आम्ही 'चाल' म्हणायचो. चाक वर-खाली धरून हलवलं तर बेअरिंगची चाल, डावी-उजवीकडे धरून हलवलं तर स्टिअरिंगच्या सांध्याची. त्याला दोन्ही बाजूंनी हलवायला सांग, आणि फोन चाकाजवळ ठेवायला सांग, आवाजावरून मी सांगतो.