मदत हवी आहे: ‘डॅड्स आर्मी’ कशी घडली, यावरची एकांकिका

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश होमगार्डवर, म्हणजे देशाच्या रक्षणासाठी उभारलेल्या स्वयंसेवकांच्या दलावर बेतलेल्या, बीबीसीवर १९६८ साली सुरू झालेल्या या विनोदी मालिकेच्या जन्मावर ४० मिनिटांची एकांकिका लिहितोय. अडलंय प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या शीर्षकदृश्यांच्या वादापाशी. मालिकेचे लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांना तिथे आधी युद्धाची खरी दृश्यं हवी होती, बीबीसीतल्या वरिष्ठांना ती विनोदी मालिकेत खटकली. शेवटी नकाशावर सरकणारे बाण आले. युद्ध संपून जेमतेम २३ वर्षं झालेली, आणि पेरी स्वतः पोरवयात होमगार्डमध्ये होता! म्हणून हा प्रवेश मला सोडायचा नाही.

निवेदक आणून पाहिला, तर प्रवेशाचं व्याख्यान झालं. नुसती बैठक ठेवली, तर भांडण कशावरून तेच कळेना. नट पाचच, प्रोजेक्टर नाही, मूळ संवाद वापरायचे नाहीत. मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकापर्यंत त्या दृश्यांची धग रंगमंचावर कशी पोचवावी?